तिसऱ्या गिअरचा आवाज

आमच्या घरात गाडीची तक्रार करायची तर तोंडाने आवाज काढून करावी लागे. नुसतं ‘कसला तरी आवाज येतोय’ म्हटलेलं बाबांना चालायचं नाही. “कसा येतोय? काढून दाखव,” ते म्हणायचे. मग मी किंवा आई घुरघुर, टकटक, कुंईकुंई असलं काहीबाही करून दाखवायचो आणि बाबा डोळे मिटून ऐकायचे. शेजाऱ्यांना आम्ही ठार वेडे वाटत असू. पण बाबांचं निदान सहसा चुकायचं नाही. जन्मभर कारकुनी केली, पण मिरवले ते कानांच्या जोरावर.

मागच्या हिवाळ्यात मी माहेरी आले तेव्हा आमची जुनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. मी रीतसर आवाज काढून दाखवला: उंऽऽ, वेगाबरोबर चढत जाणारा. “गिअरचं तेल बदलायला झालंय,” बाबा लगेच म्हणाले. गाडी रोज तेच चालवत होते, तरी हे मला सांगावं लागलं, यात काही वावगं आहे असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

पंचवटीतल्या दुकानात तेलावरून अर्धा तास घोळ झाला. दुकानदाराने सगळ्यात भारी डबा पुढे केला. बाबांनी तो परत सरकवला. आमच्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा आहेत, त्या तेलातली रसायनं त्यांना खातात, भारी म्हणजे बरं असं नसतं, कंपनीने सांगितलंय तेच द्या. मग दुकानदाराने एक छोटी बाटली काढली.

“काका, मग हे औषध तरी घाला. आवाज एकदम गप.”

“औषध आजाराला असतं,” बाबा उखडले. “हे नुसतं तोंड दाबणं झालं. आवाज दबला तर मला कळणार कसं, आत काय झिजतंय ते?”

मला तेव्हा त्यांचं कौतुकच वाटलं. घराजवळच्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून त्यांनी योग्य तेल घालून घेतलं, आणि रविवारी आम्ही तिघं देवीच्या दर्शनाला वणीला निघालो. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, आई मागे.

दिंडोरीच्या अलीकडे त्यांनी तिसरा गिअर टाकला आणि माझ्याकडे बघून हसले. “बघ. थांबला की नाही? औषध लागतंय कशाला!”

आवाज थांबलेला नव्हता. होता तसाच होता, उलट जरा चढलेलाच.

मला आधी वाटलं, गंमत करताहेत. मी मागे वळून पाहिलं. आई घाईघाईने म्हणाली, “थांबला हो. अगदी थांबला.” बोलताना ती माझ्या नजरेला नजर देईना. तेवढ्यात मागून ट्रक लांबलचक हॉर्न देऊ लागला, आणि बाबा तेलाविषयी बोलत रस्त्याच्या मधूनच चालले होते. आईची बोटं माझ्या खांद्यात रुतली. तिला माहीत होतं. किती दिवसांपासून कोण जाणे, ती घरी त्यांचे कान सांभाळत होती. टीव्ही मोठा का असतो, फोन नेहमी तीच का उचलते, सगळं मला एका झटक्यात कळलं. मला तिचा भयंकर राग आला. पुढे घाट होता.

“बाबा, गाडी कडेला घ्या!” मी हात करून ओरडले. त्यांनी घेतली. ट्रक धूळ उडवत गेला. तो शेजारून जाताना दचकले ते फक्त बाबाच.

“बाबा, आवाज थांबलेला नाही,” मी म्हटलं. “अजून येतोय.”

ते काहीतरी फणकाऱ्याने बोलणार होते. पण त्यांनी आरशात आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर कांद्याच्या शेताकडे बघत बसली होती. बाबा बराच वेळ आरशात बघत राहिले. मग त्यांनी दार उघडलं, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि मला स्टिअरिंगमागे सरकायची खूण केली.

मी गाडी सुरू केली. एरवी मी चालवताना क्लच, ब्रेक, आरसा अशा त्यांच्या सूचना संपायच्या नाहीत. आज त्यांनी नुसता पट्टा लावला. परत फिरावं का, हे विचारायचीही मला हिंमत झाली नाही. तिसरा गिअर पडला. बाबांनी डोळे मिटले.

“येतोय?”

“येतोय.”

“कसा? काढून दाखव.”

मी आवाज काढला. उंऽऽ.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त आपला उजवा कान माझ्याकडे केला.

“जरा मोठ्याने काढ,” ते म्हणाले.