लग्नसराईतलं वॉरंट

ते प्रकरण मनात आलं की मला आजही आधी जिलेबी आठवते आणि मग कायदा. लोक खुनाच्या, दरोड्याच्या तपासाबद्दल विचारतात. पण मला थोडंफार शहाणं केलं ते पोटगीच्या एका साध्या वॉरंटानं.

सत्तरच्या दशकाचा मध्य होता. सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. नवी फौजदारी प्रक्रिया संहिता नुकतीच लागू झाली होती आणि तिचं पुस्तक मी टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. त्यातलं वाचलं किती होतं ते पुढे कळेलच.

वाईजवळच्या खेड्यातली एक बाई दर सोमवारी ठाण्यावर यायची. नवऱ्यानं टाकलेली, पदरात एक मुलगी, भावाच्या घरी आसरा. मुलीसाठी कोर्टानं पोटगी ठरवून दिली होती. नवऱ्यानं वर्षभर दमडी दिली नव्हती. तो सांगलीशेजारी माधवनगरला राहायचा आणि एका बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचा. वॉरंट घेऊन माझे हवालदार तिकडे तीनदा जाऊन आले. खोलीला कुलूप. शेजारी त्याची म्हातारी आई होती, ती म्हणायची, "बँडच्या सुपारीवर गेलाय. कवा यील, काय ठावं न्हाई." तीन वेळा 'इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून वॉरंट परत.

हवालदार लष्करातून आलेले, बोलायला तिखट. म्हणाले, "सायेब, ह्यो मानूस न्हाई, वारा हाय. वॉरंटात कसा घावायचा?"

चौथ्या सोमवारी बाई खुर्चीवर न बसता उभीच राहिली. "सायेब, भाऊ म्हनतोय, जूनपर्यंत पैसं आलं तर पोरगी शाळंत, न्हाईतर पुन्याला एका घरी भांड्याला ठिवनार. चौथी पास झालीया ती. पयला नंबर काढलाय."

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, हा माणूस जूनच्या आत कोर्टापुढे उभा करायचा. निश्चय झाला, पण अक्कल सुचेना. ती सुचली घरी, आणि मला नव्हे. जेवताना मी कुरकुरत होतो, तर बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अहो, बँडवाल्याला लग्नसराईत घरी कशाला शोधता? पंचांग बघा की. तिथी असेल त्या दिवशी तो कुणाच्या तरी मांडवात असणार." पोलीस ट्रेनिंगमध्ये पंचांग शिकवत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि सकाळी वाईच्या घाटावर ओळखीच्या गुरुजींना गाठलं.

गुरुजींनी वैशाखातल्या तिथी बोटावर मोजून दाखवल्या आणि जाता जाता खबरही दिली. "परवाचं औंधच्या बाजूचं लग्न मीच लावतोय. मुलीकडच्यांनी हौसेनं सांगलीकडचा बँड सांगितलाय. म्हणे त्यांचा क्लॅरिनेटवाला ऐकण्यासारखा आहे."

लग्नाच्या दिवशी मी आणि हवालदार साध्या वेशात गेलो. मांडवाच्या तोंडाशी एका पागोटेवाल्यानं अडवलं. "पाव्हनं, मुलाकडलं का मुलीकडलं?"

"सरकारकडलं," हवालदार पुटपुटले. नशिबानं त्याला ऐकू कमी येत होतं.

क्लॅरिनेटवाला पुढेच होता. किडकिडीत, केसांना तेल, गालांचे फुगे. मी जवळ जाऊन ओळख दिली. चेहरा पडला, पण वाद्य काही खाली आलं नाही. "सायेब, आंतरपाट धरत्यात. एवढ्या अक्षता पडू द्या. पोरीचं लगीन हाय."

दुसऱ्याच्या पोरीची त्याला केवढी काळजी! पण मांडव मोडायचा धीर मला झाला नाही. अक्षता पडल्या, आणि आम्हाला कुणीतरी हाताला धरून पंगतीत बसवलं. आरोपी समोर, हवालदार शेजारी आणि पानात जिलेबी. मी दोन खाल्ल्या. मग त्याला ताब्यात घेतलं आणि वर मोठ्या रुबाबात त्याचं क्लॅरिनेटही जप्त केलं.

ठाण्यावर त्यानं एकच पालुपद लावलं. "मी कलावंत मानूस. मालक दोन येळचं जेवान देतो, बास." दमदाटीनं तो आणखी मिटला. तेव्हा मी पंचनाम्याचे कागद चाळत सहज म्हटलं, "असेल बाबा. तुमच्या पार्टीत तो ट्रम्पेटवाला आहे ना, लोक त्याचंच नाव घेतात. त्याला मात्र चांगलं मिळत असेल."

गडी ताडकन सरळ झाला. "त्याला? त्याला सुपारीतला एक वाटा हाय, सायेब! मला दोन! मी न्हाई म्हनलं तर मालक सुपारी घेत न्हाई!"

हवालदारांनी ते शांतपणे लिहून घेतलं. माणूस गुन्हा लपवतो, पण कौतुक लपवायला सांगितलं तर त्याचा जीव जातो.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. बाई आली होती, बँडचा मालकही घाबरून आला होता. दोन वाट्यांची गोष्ट त्यानं कबूल केली. मी ऐटीत उभा. बारा महिने थकलेत, भरपूर कैद होणार. गंमत म्हणजे आरोपीही खुशीत. त्यानं मालकाकरवी साबण, टॉवेल, तंबाखूची पिशवी मागवून घेतली होती.

"द्या की कैद, सायेब," तो मॅजिस्ट्रेटसाहेबांना म्हणाला. "एकदाचं फिटू द्या."

"कैदेनं काय फिटतं?"

"पोटगी!"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. "कैद ही न दिल्याबद्दलची शिक्षा आहे. भोगून आलास तरी देणं आहे तिथंच राहतं." हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार, कारण माझीही समजूत तीच होती.

मग त्यांची नजर टेबलावरच्या वाद्याकडे गेली. "फौजदार, हे काय?"

"जप्त मुद्देमाल, सर."

"गवंड्याची थापी काढून घेऊन त्याच्याकडून भिंत कशी बांधून घेणार तुम्ही? द्या ते परत."

कोर्टात हशा पिकला. हवालदार छताकडे बघत होते.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बाईला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"ह्यो आत बसला तर मला काय मिळनार? माझी पोरगी पुन्याला जाऊ नये, एवढंच."

त्यांनी सांगितलं, थकलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देता येते, पण किती द्यायची आणि कधी, हे परिस्थिती बघून ठरवायचं असतं. आज लग्नसराई आहे. आज आत घातला तर वर्षाची कमाई बुडेल आणि मुलीच्या हाती काहीच पडणार नाही. शिक्षेचा निर्णय त्यांनी राखून ठेवला. प्रत्येक लग्नामागे त्याचा एक वाटा मालकानं परस्पर मनीऑर्डरनं बाईला पाठवायचा, हे मालकाकडून लिहून घेतलं. "आणि चुकवलंस," ते आरोपीला म्हणाले, "तर चातुर्मासात भेटू. तेव्हा लग्नं नसतात. तुलाही सवड आणि मलाही."

मी धुसफुसत बाहेर पडलो. एवढी धावपळ करून पकडलेला माणूस वाद्य काखेत मारून निघून गेला! पण मनीऑर्डरी येऊ लागल्या. जूनमध्ये मुलगी पाचवीत बसली.

तो लगेच संत झाला असं नाही. आषाढात सुपाऱ्या थांबल्या आणि महिन्याची पोटगी द्यायला त्यानं हात आखडला. सराईतले स्वतःच्या वाट्याचे पैसे गाठीला होते, ते दाबून बसला. साहेबांनी खरोखरच दहा दिवस आत पाठवला. सुटून आला तोच त्याच देण्याची नोटीस हातात पडली. कैदेनं देणं फिटत नाही, याची तेव्हा त्याला खात्री पटली. तुळशीचं लग्न लागलं, वाजंत्री सुरू झाली, आणि पुन्हा मनीऑर्डर.

मी संहितेचं पुस्तक टेबलावरून उचलून घरी नेलं आणि वाचलं. त्यानंतर पोटगीचं कुठलंही वॉरंट आलं की मी आधी एवढंच विचारायचो, या माणसाच्या हातात पैसा कधी येतो? पत्ता नंतर. कडक होणं मला येत होतंच. कधी कडक व्हायचं आणि कुठवर, ते त्या कोर्टात शिकलो.

ती बाई आभार मानायला कधी आली नाही. दर सोमवारी माझी नजर दाराकडे जायची, आणि दार रिकामं दिसलं की बरं वाटायचं.