एकेचाळीस स्वच्छ पानं

माझ्या सासऱ्यांना गावात काठीमास्तर म्हणतात. त्यांनी आयुष्यात कुणाला छडी मारली नाही, मुळात ते मास्तरच नव्हते. बंदराच्या धक्क्याच्या टोकाला आकडे रंगवलेली एक काठी पाण्यात उभी आहे. रोज भरतीला दोनदा आणि ओहोटीला दोनदा, पाणी काठीवर कुठवर आलं ते बघून वहीत लिहायचं, ही त्यांची नोकरी. अडतीस वर्षं केली. निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली, तरी दुधाच्या पातेल्यात डोकावून म्हणतात, "आज अर्धं बोट कमी आहे." दूधवाला त्यांना वचकून असतो.

मी लाँड्रीत आहे. कपड्यावरचा डाग चहाचा, गंजाचा की घामाचा, आणि तो निघेल की नाही, हे सांगायचं माझं काम. एक पाणी मोजणारा, एक डाग ओळखणारी. या घरात खोटं बोलायची सोय नाही, असं नवरा म्हणतो.

एके दिवशी सकाळी समुद्राचा अभ्यास करणारी एक मुलगी घरी आली. बंदराच्या कपाटातून बाबांच्या जुन्या वह्या तिने आणल्या होत्या आणि हातमोजे घालून ती पानं उलटत होती. इतका मान मी लग्नाच्या साडीलाही दिलेला नाही.

"काका, या समुद्राच्या दोन्ही काठांवर तुमच्याइतकी सलग नोंद कुणाचीच नाही," ती म्हणाली. बाबांनी उगाच चष्मा पुसला.

मग तिने चहाची बशी उचलून जराशी कलती केली. "वारा फिरला की समुद्राचं गरम पाणी असं एका काठाला गोळा होतं. तिथे समुद्र चढतो, पाऊस धो धो पडतो. समोरच्या काठाला पाणी उतरतं आणि पाऊस तोंड फिरवतो. शेकडो वर्षं हे चाललंय. किती बंदरं वसली, किती उठली, किती माणसं बोटीत बसून इकडची तिकडे गेली, त्यामागे ही कलती बशी आहे." बावन्न वर्षांपूर्वी असंच झालं होतं, म्हणाली. आपल्या काठाच्या सगळ्या बंदरांत समुद्र वीतभर चढला होता, फक्त इथे नाही. म्हणजे ही खाडी सुरक्षित असावी. समुद्र अडवायला होणाऱ्या नवीन बांधाची उंची त्या हिशेबाने कमी ठेवता येईल, असं ती अहवालात लिहिणार होती.

बाबांच्या हातातला चमचा थांबला. ती काठीचे फोटो काढायला धक्क्यावर गेली, तसे ते स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"पाणी चढलं होतं," ते म्हणाले. "मीच लिहिलं नाही."

मी गॅस बंद केला.

तेव्हा त्यांना नुकताच चष्मा लागला होता. आधीच्या माणसाला नजर गेली म्हणून घरी बसवलं होतं. वादळ नाही, वारा नाही, आणि पाणी वीतभर वर! पहिल्या आठवड्याचे आकडे बघून साहेब म्हणाले, डोळे तपासून घ्या. राहायची खोली नोकरीची, घरात तान्हं मूल. बाबांनी ती पानं फाडून पुन्हा लिहिली, आणि पुढे रोज भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकातला आकडा उतरवत गेले. एकेचाळीस दिवस, दिवसाला एक पान. मग पाणी आपणहून उतरलं.

"तिला सांगायला हवं," ते म्हणाले.

मला रागच आला. "बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकेचाळीस दिवसांपायी अडतीस वर्षांवर पाणी सोडणार?"

"बांध बुटका झाला तर आपल्याच गल्लीत पाणी शिरेल गं."

भाजी चिरताना मी सहज वर्षं मोजली आणि सुरी खाली ठेवली. बावन्न वर्षांपूर्वी मी चार वर्षांची होते. समोरच्या काठावर दोन पेरण्या वाया गेल्या, तेव्हा माझे वडील आम्हाला घेऊन बोटीने इथे आले. ज्या पाण्याने मला या घरापर्यंत आणलं, ते या घराने वहीत लिहिलंच नव्हतं.

दुपारी ती परत आली. बाबांनी उभं राहूनच सगळं सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, रागावू नका. पण मग बाकीच्या पानांवर मी विश्वास कशाच्या जोरावर ठेवू?"

बाबा खुर्चीत बसले. इतके लहान दिसले की मला बघवेना. काहीतरी करायचं म्हणून मी वही पुढे ओढली आणि सवयीने आधी डागच बघितले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढा डाग होता, मधे फिकट, कडेला पांढरट खरखरीत रेघ.

"हे खारं पाणी आहे," मी म्हणाले. "चहाची कड तपकिरी असते. बाबा, हा डाग कसला?"

"काठीवरचं शेवाळ पुसल्याशिवाय आकडा दिसत नाही. शिडीने खाली उतरायचं, पुसायचं, त्याच ओल्या हाताने लिहायचं."

"आणि त्या दिवसांत?"

"वरूनच बघायचो. वही खोलीत ठेवायचो."

मुलीने हातमोजे काढले. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत पानं उलटत बसलो. अडतीस वर्षांच्या वह्यांत बिनडागाची पानं एकेचाळीसच निघाली, सगळी ओळीने. अक्षर मात्र तिथे मोत्यासारखं होतं.

तिने आपल्या टिपणात त्या दिवसांवर रेघ मारली आणि विचारलं, "खरा एखादा तरी आकडा आठवतो का?"

"पहिल्या आठवड्याचे सगळे आठवतात," बाबा म्हणाले. "पण आता सांगणार नाही. काठीपाशी जे लिहिलं नाही, ते घरी बसून लिहायचं म्हणजे परत तेच."

तेव्हा मी वडिलांची गोष्ट सांगितली. ती गोष्ट ते मरेपर्यंत सांगत आणि आम्ही हसत असू. बोटीतून धक्क्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पाऊल टाकलं, तर घोट्यापर्यंत पाणी. एक चप्पल तिथेच वाहून गेली. एवढ्या लांब येऊन या गावाने पहिल्याच पावलाला एक चप्पल खाल्ली, म्हणायचे.

"वरची पायरी?" मुलगी ताठ बसली. "ती तर भरतीलाही पाण्याच्या चार बोटं वर, कोरडी असते." बोटीची तारीख बंदराच्या दुसऱ्या वहीत मिळेल, म्हणाली, आणि तिने गोष्ट जशीच्या तशी उतरवून घेतली.

ती गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, "त्या दिवशी मी धक्क्यावरच होतो. एका पायात चप्पल घातलेला माणूस आणि त्याच्या खांद्यावर एक पोर. मी बघितलं होतं गं. बघून खोलीत गेलो, आणि लिहिलं की पाणी नेहमीसारखंच आहे."