पत्र्यावरचा पेंढा

डहाणूतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काल मिस्त्री छताला थर्माकोल लावत होता. "मॅडम, ऊन वरच अडेल. एसीचं बिल कमी येईल."

तलासरीच्या घरी आईही हेच म्हणाली होती. दोन हजार सोळाचा मे. मी हौसेनं कौलं उतरवून पत्रे घातले होते. घर भट्टीसारखं तापायला लागलं, तेव्हा तिनं शिडी लावून पत्र्यावर भाताचा पेंढा पसरला. "ऊन वरच अडतं गं."

मी शिकवत होते त्या शाळेतल्या बाई घरी येणार होत्या. घर गोठ्यासारखं दिसतं म्हणून मी सगळा पेंढा खाली ओढला.

बाई आल्या. दोन पंखे गरम हवाच फिरवत होते. सरबत घेऊन त्या दहा मिनिटांत निघाल्या. उरलेल्या मे महिन्याच्या दुपारी आईनं आंब्याखाली काढल्या.

मिस्त्रीचं मला एका वाक्यात पटलं.