न ढवळलेला डिंक

माझ्या वहिनी बावीस वर्षं कारखान्यात वाकणाऱ्या सर्किटच्या पट्ट्या जोडत होत्या. जोडायच्या डिंकात चांदीचे अगदी बारीक कण असतात. दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि वीज वाहते. कण तळाशी बसतात, म्हणून डिंक आधी ढवळावा लागतो.

वहिनींची नजर अधू झाली, तेव्हा साहेबांनी एक पट्टी जोडून दाखवायला सांगितलं. पट्टीतून वीज जाऊन तपासणीचा दिवा लागला तरच काम राहणार होतं.

घाबरून त्या ढवळायचं विसरल्या. तपासणीला मी शेजारीच होतो. मला दिसलं, पण साहेबांसमोर जीभ रेटली नाही. मी पट्टीला दिव्याच्या तारा जोडल्या.

“लागला का हो, भावजी?” दिवा त्यांच्या नाकासमोर होता.

“नाही, वहिनी. डिंक ढवळायचा राहिला.”

“आत्ता वाचा फुटली होय!” त्या हसल्या आणि चाचपडत एप्रनची गाठ सोडू लागल्या.