एका वाटीत धुतलेल्या दोन अंगठ्या

काकूंपुढे चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा भलतंच काहीतरी विचारून बसले. म्हणजे हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला सांगते — पण कुठून सुरुवात करू?

आधी हे सांगते, की माझं कुणी वाईट केलेलं नाही. आठवीत शाळा सुटली, हिंगोलीकडच्या गावातून भावामागे कोल्हापूरला आले. भाऊ वर्षभरात परत गेला. मी राहिले ती गुजरी पेठेतल्या एका सराफकाकांमुळे. त्यांनी दुकानावरची खोली दिली, काकूंनी जेवू घातलं, आणि फरशी पुसणाऱ्या मला त्यांनी काउंटरवर उभं केलं. असं कोण करतं हो? रोज शटर वर जाताना मनात यायचं — आज चुकलं तर? हिला काहीच येत नाही हे आज कळलं तर?

चुकलं ते लग्नसराईत.

कोडोलीचा एक मुलगा, दूध संकलन केंद्रावर कामाला, होणाऱ्या बायकोला घेऊन साखरपुड्याची अंगठी बघायला आला होता. काकांनी कापडावर दोन खडे ठेवले. एक हिरा, एक मोझनाइट — हा कारखान्यात बनतो, दिसायला हिऱ्यासारखाच, किमतीला कितीतरी हलका.

"ह्योच घेऊया की," मुलगी मोझनाइटकडे बोट करून म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळंल की!"

काका हसले. "पावणं, पोरगी वाचवतीया आन् तुमी उधळताय. जमंल तुमचं!"

त्यानं हिराच घेतला.

अंगठी घडून आली त्याच दिवशी तसल्याच घडणीची, तेवढ्याच मापाची दुसरीही आली. ती मोझनाइटची, बाहेरगावच्या एका बाईंची. काकांचा नियम होता — एक अंगठी धुवायची, तिची चिठ्ठी दोऱ्यानं परत बांधायची, मगच दुसरीला हात लावायचा. दुकानात गर्दी होती. मी दोन्ही चिठ्ठ्या सोडल्या आणि दोन्ही अंगठ्या एकाच वाटीत, साबणाच्या पाण्यात टाकल्या.

बाहेर काढल्यावर कुठली कुणाची — कळेना. काका चार पावलांवर होते. विचारलं का? नाही. हिरा तपासायचा पेन एकीला लावला, तो वाजला. झालं, हाच हिरा! दुसरीला लावलाच नाही. लावला असता तर तिथेही वाजला असता — तो पेन उष्णतेवर चालतो, मोझनाइटलाही फसतो — आणि मग काकांना हाक मारावीच लागली असती.

ही झाली चूक. पण मला सांगायचंय ते तिच्याबद्दल नाही.

साखरपुड्यानंतर पंधरा दिवसांनी सगळे परत आले. मुलीच्या मामानं अंगठी दुसऱ्या सराफाला दाखवली होती. मामाचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता — "पोरगं लई हुशार हाय! बिल हिऱ्याचं, आन् बोटात खडा दुसराच! बदलून मोकळा!"

मुलगा नुसतं म्हणत होता, "हितनं न्हेली तशीच घातली वो. त्या ताईंनी दिलती, त्यास्नी इचारा."

मला विचारा. ती वाटी डोळ्यांपुढे आली आणि क्षणात सगळं कळलं. सगळं. काका वळले. "पोरी, तू तपासून दिलतीस न्हवं?"

"व्हय काका. हिराच दिला."

एवढंच बोलले मी. काका मामाला म्हणाले, "माझ्या घरातली पोर हाय ही. खोटं बोलायची न्हाय."

मुलीनं अंगठी काढून मुलापुढे ठेवली. रडली नाही. "मला त्यो खडा चालला असता," ती म्हणाली. "तुमी खोटं का बोलला?"

तो माझ्याकडे बघत होता. मी काउंटरची काच पुसत होते.

सोयरीक मोडली. त्या बाहेरगावच्या बाई हिरा घालून त्याला मोझनाइट समजत असतील. त्यांचा पत्ता दुकानात होता — त्या संध्याकाळी काढता आला असता, दुसऱ्या दिवशी काढता आला असता. काका हाकलतील अशी भीती होती का? होती. हाकललं असतं का? — बहुतेक नाही. आणि हे मला तेव्हाही आतून माहीत होतं.

महिन्याभरानं मुलाची आई आली. कोडोलीहून एसटीनं, पिशवीत तुपाची बरणी घेऊन. काका जेवायला घरी गेले होते. तिनं माझ्यापुढे हात जोडले.

"पोरानं तुझ्यावर आळ घेतला, बाई. अजून बी म्हंतोय, मी खडा बदलला न्हाय. म्या त्याच्यासंगं बोलायचं सोडलंय. तू मनात ठिवू नगंस. माफ कर त्याला."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. बरणी ठेवून घेतली. "असू दे, मावशी," म्हणाले — आणि त्याला माफ केलं.