मेथीचं सॅलड

कच्च्या मेथीचा उग्र वास आला की मला सासऱ्यांच्या बायपासनंतरचे दिवस आठवतात. नामपूरहून ते नाशिकला आमच्याकडे आले होते, पण त्यांचं जेवणावरचं मनच उडालं होतं. डॉक्टर म्हणाले, सॅलड द्या. मी कॉलेज रोडवरून लेट्यूस आणलं, काकडी-टोमॅटो चिरले, वर पनीर घातलं. त्यांनी वाटी सरकवली. "मी काय बकरी शे का?" मी चिडलेच. दुसऱ्या दिवशी लेट्यूस संपलं होतं, म्हणून मेथीचीच कोवळी पानं तोडून टाकली, सोबत कांदा, काकडी, पनीर, आणि लिंबू पिळलं. त्यांनी एक घास घेतला आणि थांबले. "हाऊ ते घोळाणा शे!" त्यांच्या घरी रोज भाकरीबरोबर कच्च्या मेथीचा घोळाणा असायचा. "पण यामा कूट कोठे शे?" म्हणत ते आधाराशिवाय उठले, ओट्यापाशी आले, शेंगदाण्याचं कूट घालून सगळं हातानं कालवलं आणि भाकरी मागितली. पनीरसुद्धा संपवलं. आत्ता मी मेथी निवडतेय, आणि बाहेरच्या खोलीतून तोच आवाज येतोय, "पोरी, कूट टाकं का?"