कुऱ्हाड घावली तर

आत्याच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायची सोय नव्हती. आलेला माणूस राम राम म्हणेपर्यंत त्याच्या पुढ्यात शेंगांची पाटी यायची. मग पाव्हणा सोयरा असो की सरकारी, शेंगा फोडत फोडतच बोलायचा. "तोंड बोलतंय, हात कशाला बशीवलाय?" असं तिचं म्हणणं. आईबापाविना मला तिनंच वाढवलं, तेव्हा माझे हात किती चालले असतील ते विचारूच नका.

औंधहून कडेगावकडं जाताना आमची वस्ती लागायची. चार-दोन घरं आणि मधोमध विहीर. जर्मनच्या लढाईच्या आधी आमच्या शिवेवर एका व्यापाऱ्याचा खून झाला. प्रेत पल्याडच्या ओढ्यात सापडलं, खुनी धरले गेले, त्यांना शिक्षाही झाली. पुढं एका लेखकानं त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते घरोघर वाचलं गेलं. पण ओढा त्याला बेचव वाटला असावा. त्यानं प्रेत टाकलं आमच्या विहिरीत, आणि खुनाची कुऱ्हाड अजून तळाशी आहे असंही ठोकून दिलं. मेल्यानं येऊन विहिरीत एकदा डोकावलंसुद्धा नव्हतं.

झालं! साताऱ्या-सांगलीचे हौशी लोक पुस्तक काखेत मारून विहीर बघायला येऊ लागले. आत्या त्यांना हाकलत नसे. "आलाय तर जनावरास्नी पानी शेंदा," म्हणून दोर हातात द्यायची. याची आम्हाला गंमत वाटायची. पण हळूहळू वस्तीवर सोयरीक यायची थांबली, तेव्हा गंमत संपली.

अशात मला बघायला कडेगावचे लोक आले. मुलगा पलटणीतून रजेवर आलेला, वडील पेन्शनीत निघालेले हवालदार. मुलगा मला आवडला होता, आता सांगायला कसली लाज! मी गूळपाणी पुढं केलं. चैत्राच्या उन्हातून चालत आलेले हवालदार तांब्याकडं न बघता म्हणाले, "आमी पिऊन आलोय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्या त्यांना वाटेपर्यंत घालवायला गेली. म्हणाली, "हवालदार, सोमवारी आमी हीर उपसतोय. तुमी यायचं. कुऱ्हाड घावली तर लगीन मोडलं. न्हाई घावली तर हितलं पानी पिऊन तारीख धरायची."

विहिरीत काय काय पडतं कुणाला ठाऊक? कुणाची लाकडं फोडायची कुऱ्हाड पडली असली तरी माझा संसार बुडाला. मी तसं बोलून दाखवलं. "औंधची यमाई हाय पाठीशी," एवढंच म्हणून आत्या जात्यावर बसली.

सोमवारी दिवस उगवताच मोटा जुंपल्या. कुऱ्हाड निघणार ही बातमी सांगलीपर्यंत गेली होती. काठावर ही गर्दी! आत्यानं एकेकाच्या हातात पाटी दिली. "हितनं काय दिसनार? उतरा खाली." वकील, मास्तर, सगळे धोतरं खोचून गाळात उतरले. घागरी निघाल्या, बैलाची घुंगरं निघाली, एक तांब्या असा निघाला की त्यावरून दोन जावा वर्षभर बोलत नव्हत्या. दुपारी खालून हाक आली, "लोखंड लागलंय." हवालदार स्वतः पायऱ्या उतरून गेले. त्यांनी ते लोखंड धुऊन वर धरलं. मोटेचं तुटकं कडं होतं ते.

तळ खरवडून झाला, कुऱ्हाड निघाली नाही. खडकातून नवा झरा वाहू लागला. हवालदारांनी तिथंच ओंजळ धरली आणि पोटभर प्याले. वर येऊन म्हणाले, "लय गोड हाय. अक्का, तारीख काढा." मग पुस्तकवाल्यांनीही ओंजळी भरल्या. इतकी ताठ उभी राहिलेली आत्या मी कधीच पाहिली नव्हती.

लग्नात सगळं वऱ्हाड त्याच विहिरीचं पाणी प्यालं. आत्या रांजणापासून हलली नाही, प्रत्येकाला आपल्या हातानं तांब्या देत होती. पाठवणीच्या वेळी मी तिच्या गळ्यात पडले, हुंदका आवरेना. ती कानाशी म्हणाली, "रडू नगंस, पोरी. रडत गेलीस तर हीर बघाय आलेली मानसं म्हनतील, पोरगी हिरीला भ्यालीवती, सुटली एकदाची."

मी डोळे पुसले आणि सगळ्यांच्या देखत हसत गाडीत बसले. रडली ती. पदर तोंडात कोंबून, आवाज न करता.